तापली की बसते

सकाळी गाडी एका झटक्यात सुरू व्हायची. सेल्फ मारला की लगेच इंजिन पकडायचं, मागून धुराचा एक काळा लोट निघायचा आणि गाडी थरथरत उभी राहायची. बघणाऱ्याला वाटावं, एवढी जुनी डिझेल व्हॅन, पण अजून काय ठणठणीत आहे! दुपारी तीच गाडी तापलेली असताना बंद केली की संपलं. सेल्फ फिरत राहायचा, बॅटरी दमून जायची, पण इंजिन हूं की चूं करायचं नाही. मग सावलीत ठेवून चांगली गार होऊ दिली की पुन्हा पहिल्यासारखी सुरू.

म्हणून धाकट्यानं ती दिवसा बंद करणंच सोडलं होतं.

त्याला सगळे धाकटाच म्हणायचे. कानावरचे केस पिकले तरी तो धाकटाच राहिला, कारण अंगणापलीकडच्या खोल्यांत थोरला राहत होता. व्हॅन आधी थोरल्याची. पुढे त्याला साखरेचा आजार झाला, पाय बधिर झाले, ब्रेकवर पाय आहे की क्लचवर तेच कळेना, तेव्हा त्यानं चालवणं सोडलं. वाटण्या झाल्या. रस्त्याकडेचा जमिनीचा तुकडा थोरल्याकडे गेला आणि गाडी धाकट्याकडे आली. गाडीबरोबर हॅचरीचं कामही आलं.

काम पिल्लांचं होतं. हॅचरीत पहाटे अंड्यांतून निघालेली पिल्लं भोकं पाडलेल्या पुठ्ठ्याच्या खोक्यांत भरायची आणि गावोगावच्या कोंबड्यांच्या शेडवर पोचवायची. गाडी चालत असली की पिल्लांना वारा मिळतो. उभी राहिली की खोक्यांत वाफ कोंडते आणि पिल्लं चोच उघडून धापा टाकायला लागतात. त्यासाठी धाकटी, म्हणजे धाकट्याची बायको, मागं खोक्यांमध्ये बसायची. खालची खोकी वर, वरची खाली, असा तिचा दिवसभर खेळ चाललेला असायचा. संध्याकाळी घरी आली की तिच्या कपड्यांना, केसांना पिल्लांची पिवळी लव चिकटलेली असायची.

उन्हाळा त्या वर्षी लवकर चढला आणि उतरायचं नावच घेईना. शेडवाले कुरकुर करायला लागले.

"अरे, बंद कर की ते धूड," एक शेडवाला रोज ओरडायचा. "सगळा धूर आत येतो माझ्या. कोंबड्या खोकतात!"

"दोनच मिनिटं, मालक," धाकटा म्हणायचा आणि पळत पळत खोकी उतरवायचा. डबासुद्धा तो गाडीपाशी उभ्यानंच खायचा, एक पाय ॲक्सिलरेटरजवळ ठेवून. लघवीला गेला तरी कान गाडीकडे. बायको म्हणायची, "तान्ह्या पोराची आई बरी, तिला तरी उसंत मिळते."

मिस्त्रीकडे त्यानं खेटे घातले. मिस्त्रीनं ऐकून घेतलं, मान हलवली आणि विचारलं, "धक्का मारल्यावर होते?"

"चांगला जोरात मारला तर होते."

"मग झालं. सेल्फचा दोष. ताकद कमी पडते त्याची."

सेल्फ उतरवून नीट केला. काही फरक नाही. बॅटरी नवी घातली. काही फरक नाही. हीटर प्लग बदलले, फिल्टर बदलला. प्रत्येक वेळी गाडी रात्रभर मिस्त्रीच्या आवारात राहायची, गार व्हायची आणि सकाळी मिस्त्रीनं किल्ली फिरवली की फर्रकन सुरू व्हायची. मिस्त्री हात पुसत म्हणायचा, "बघ. कुठाय दोष? माझ्यासमोर नखरे करू दे म्हणावं तिला एकदा."

त्याचंही खोटं नव्हतं. पण दुपारची पाच-पन्नास मैलांची धाव सोडून गाडी तापवून त्याच्या दारात आणायची कधी? आणि आणली, तरी तो दुसऱ्या कुणाच्या तरी ट्रॅक्टरखाली आडवा झालेला असायचा.

मग तो दिवस आला. दुपारचं ऊन, सपाट माळाचा रस्ता. पुढून शेळ्यांचा कळप आडवा आला. धाकट्यानं कचकन ब्रेक दाबला, क्लचवरचा पाय घसरला आणि गाडीनं एक गचका खाल्ला. इंजिन बंद पडलं.

अचानक एवढी शांतता झाली की मागच्या सगळ्या खोक्यांतला चिवचिवाट एकदम अंगावर आला.

त्यानं सेल्फ मारला. फिरला, फिरला. पुन्हा मारला. धाकटीनं मागचं दार उघडलं. "काय झालं?"

"उतर. धक्का दे."

दोघांनी धक्का दिला. तो एका हातानं स्टिअरिंग धरून दारातून रेटत होता, ती मागून. डांबर मऊ झालेलं, चपला चिकटत होत्या. गाडी हलली, चार पावलं गेली आणि थांबली. सपाटीवर दोन माणसांनी तिला काय वेग येणार! शेळ्यांवाला म्हातारा आला, त्यानंही खांदा लावला आणि खोकत बाजूला बसला.

"खोकी काढा आधी," धाकटी म्हणाली. "आत भट्टी झाली."

रस्त्याकडेला एकच झाड होतं, त्याची सावलीही विरळ. दोघांनी खोकी तिथं आणून मांडली, झाकणं उघडली. पिल्लं एकमेकांवर चढून कोपऱ्यात दाटली होती. धाकटी एका झाकणानं वारा घालत सुटली, या खोक्याला, त्या खोक्याला. बाटलीतलं पाणी तिनं बोटांवर घेऊन चोचींना लावलं. काही पिल्लं उठली. काही नुसतीच मान टाकून पडली. शेवटी एक ट्रॅक्टर आला, त्यानं दोर बांधून ओढलं, तेव्हा गाडी सुरू झाली.

शेडवाल्यानं खोकं न् खोकं उघडलं. मेलेली पिल्लं त्यानं धाकटीला एकेक करून वेगळी काढायला लावली, त्याच्या डोळ्यांसमोर, टोपलीत. ती मऊ, हलकी अंगं अजून कोमट होती. टोपली काठापर्यंत भरली. "ही परत न्या आणि दाखवा तुमच्या साहेबाला," तो म्हणाला.

हॅचरीचा मॅनेजर ओरडला नाही. त्यानं टोपलीत पाहिलं, नाक मुरडलं आणि म्हणाला, "तुझ्या भावाच्या वेळी असं कधी झालं नव्हतं. आणखी एकदा असं झालं की मी दुसरी गाडी लावणार. मग माझ्याकडे यायचं नाही."

हे वाक्य धाकटा घरापर्यंत चघळत आला.

थोरला अंगणात खाटेवर बसला होता. रोजच्यासारखंच त्यानं विचारलं, "काय, कशी चालली गाडी?"

"बसली आज. पिल्लं मेली."

"बसली?" थोरला म्हणाला. "माझ्या हाताखाली कधी बसली नाही ती."

त्यात टोमणा नव्हता. पण धाकट्याला तो टोमणाच वाटला. "तुझ्या हाताखाली बसली नसेल कशी? बसली म्हणूनच माझ्या गळ्यात मारलीस. जमीन ठेवलीस आणि भंगार दिलंस मला."

वहिनी, थोरल्याची बायको, दारात तांदूळ निवडत होती. तिचे हात थांबले. धाकटी नळावर हात धूत होती, पिल्लांचा वास जाईपर्यंत चोळून चोळून. तिनं मान वर केली नाही. तिच्याही मनात तेच होतं. फक्त ती बोलली नव्हती.

थोरला उठला, बघून बघून पाय टाकत आत गेला. जमिनीवर पाय नीट पडलाय का, हे त्याला डोळ्यांनीच बघावं लागायचं.

"भावजी," वहिनी म्हणाली, "गळ्यात मारायला तुम्ही काय परके होता?" आणि सूप उचलून तीही आत गेली.

दुसऱ्या दिवशी उजाडताना धाकटा गाडीशी आला तर थोरला आधीच पुढच्या सीटवर बसलेला. मांडीवर पान्यांची जुनी पिशवी, पायाशी पाण्याचा कॅन आणि एक गोणपाट.

"हे काय?"

"मिस्त्रीला वेळ नाही, मला आहे," थोरला समोर बघत म्हणाला. "ती तापते तेव्हा जवळ कुणी ऐकणारं पाहिजे. तू रडत असतोस, तुला काय ऐकू येणार!"

धाकटी मागं चढली.

"थांब, लगेच निघू नको," थोरला म्हणाला. या व्हॅनचं इंजिन दोन सीटच्या मध्ये, पत्र्याच्या झाकणाखाली होतं. त्यानं झाकण उचलायला लावलं, वाकला आणि पान्यानं इंजिनात डिझेल फवारणाऱ्या एका नोझलच्या पाइपचा नट ढिला केला. "आता मार सेल्फ. डिझेल कसं उडतं ते बघून ठेव."

डिझेल पिचकारीसारखं उडालं, थेट थोरल्याच्या बाहीवर. "हं," तो म्हणाला. त्यानं नट आवळला. "आणि सेल्फचा आवाज ध्यानात ठेव. किती जोरात फिरतो ते."

खोकी भरली. दिवस वर आला. थोरला वाटेत नुसता डोळे मिटून इंजिन ऐकत होता. झाकणाचा पत्रा तापून त्याच्या वाफा तोंडावर येत होत्या. पायाशी कॅन असल्यामुळे त्याला पाय ठेवायला जागा नव्हती. एका शेडवर धाकट्यानं सवयीनं गाडी चालू ठेवली, तेव्हा थोरला म्हणाला, "बरोबर. आधी सगळी पिल्लं उतरव. आपला तपास त्यांच्या जिवावर नको."

शेवटचं खोकं उतरलं तेव्हा ऊन डोक्यावर होतं. गावाबाहेर एका बंद पडलेल्या वीटभट्टीच्या भिंतीची सावली होती. थोरल्यानं तिथं गाडी घ्यायला सांगितली.

"आता बंद कर."

धाकट्याचा हात किल्लीवर थबकला. सकाळपासून जपलेली गाडी आपल्या हातानं बंद करायची म्हणजे त्याला विहिरीत उडी टाकल्यासारखं वाटलं. त्यानं किल्ली फिरवली. इंजिन थांबलं.

थोरल्यानं जरा वेळ जाऊ दिला. मग म्हणाला, "मार."

सेल्फ फिरला. इंजिन पकडेना.

"बस. काय ऐकलंस?"

"काय ऐकायचंय? होत नाही सुरू."

"अरे बाबा, सेल्फ सकाळी फिरला तसाच फिरतोय का नाही?"

धाकट्यानं पुन्हा मारला. खरंच, तितक्याच जोरात फिरत होता. "तसाच फिरतोय."

"म्हणजे सेल्फ निर्दोष, बॅटरी निर्दोष. उगाच बदललं सगळं." थोरल्यानं फडक्यानं धरून झाकण उघडलं. गरम हवेचा भपकारा वर आला. त्यानं पिशवीतून एक बाटली आणि पारदर्शक नळी काढली. बाटलीत डिझेल भरून ती वर टांगली आणि नळी थेट नोझलकडे डिझेल रेटणाऱ्या पंपाला जोडली. "टाकी नको, फिल्टर नको. हवा धरत असेल तर नळीत बुडबुडे दिसतील. बघ तू, माझी नजर बारीक गोष्टीला चालत नाही."

धाकटीनं मागून डोकं पुढं काढलं. "बुडबुडा नाही एकपण."

"म्हणजे पंपापर्यंत डिझेल येतंय. आता सकाळचाच नट ढिला कर रे. आणि मार."

धाकट्यानं नट ढिला केला, सेल्फ मारला. तिघेही बघत होते. सकाळी जिथून पिचकारी उडाली होती, तिथं डिझेलचा नुसता घाम आला. एक थेंब जमला, ओघळला.

"घ्या," थोरला म्हणाला. "पंप आतून झिजला. गार असताना डिझेल जाड असतं, झिजलेल्या जागेतून निसटत नाही. तापलं की पाण्यासारखं पातळ होतं आणि आतल्या आत मागं फिरतं. सेल्फ फिरवतो तेवढ्या वेगात दाब भरतच नाही. जोराचा धक्का मिळाला, इंजिन भरभर फिरलं, तर भरतो."

"मिस्त्री तर म्हणाला—"

"मिस्त्रीनं तापलेली कुठं बघितली? अजून मलापण खात्री नाही. गोणपाट भिजव. गार पाणी एकदम पंपावर ओतायचं नाही, अडकेल तो. ओलं गोणपाट नुसतं गुंडाळायचं."

धाकटीनं कॅन उतरवून गोणपाट भिजवलं, पिळलं आणि दोन्ही हातांनी पंपाभोवती दाबून बसवलं. पाणी चर्रकन वाजलं. गोणपाट गरम झालं की ती काढायची, पुन्हा भिजवायची. तोवर धाकट्यानं नट आवळला आणि टाकीचा पाइप परत जोडला. भिंतीवर एक सरडा मान हलवत बसला होता.

"मार आता."

इंजिन लगेच पकडलं. धूर मागच्या भिंतीवर आदळला. धाकटी "अगं बाई!" म्हणून हसली आणि ओल्या हातानं तिनं स्वतःचंच तोंड पुसलं, ते सगळं काळं झालं. धाकटाही हसला. कित्येक दिवसांत तो असा हसला नव्हता.

थोरला हसला नाही. तो त्या इंजिनाकडे बघत होता. मग म्हणाला, "मी गाडी नेहमी उतारावर लावायचो."

"हो. ती तुझी सवयच," धाकटा म्हणाला. "शेडवर जागा असली तरी तू लांब चढावर नेऊन लावायचास."

"पहिल्या ट्रकपासूनची सवय. त्याला सेल्फच धड नव्हता. ही व्हॅन आली तरी ती सुटली नाही. ब्रेक सोडायचा, गाडी पळाली की गिअर टाकायचा. दुपारी मी सेल्फ मारलाच नाही कधी." त्यानं पंपावरचं गोणपाट काढलं. "म्हणजे हे माझ्याच वेळेपासून असणार. पंप काय एका उन्हाळ्यात झिजत नाही. मला कळलंच नाही, बघ."

धाकट्याला काल संध्याकाळचं बोलणं आठवलं आणि ते परत कसं घ्यायचं ते कळेना. त्यानं झाकण लावून गिअर टाकला. "चल," म्हणाला, "घरी वहिनी वाट बघत असेल."

घरी आल्यावर थोरला गाडीतून उतरताना वहिनी पुढं झाली आणि मध्येच थांबली. "जळल्याचा वास कसला?"

"गाडीचा," थोरला म्हणाला.

"गाडीचा नाही." तिनं त्याला खाटेवर बसवलं आणि उजव्या पायातली चप्पल काढायला गेली. चपलेचं रबर मऊ होऊन टाचेला चिकटलं होतं. तिनं ती हलकेच सोडवली, तशी खालची कातडी पांढरी, फुगलेली दिसली. टाचभर एकच फोड, एका कडेनं फुटलेला. कॅनमुळे जागा नव्हती म्हणून त्यानं पाय उचलून इंजिनाच्या झाकणाला टेकवला होता. झाकण उघडलं तेवढा वेळ सोडला, तर सकाळपासून तो तिथंच होता.

"तुला कळलं नाही?" धाकटा ओरडलाच.

"कळलं असतं," थोरला स्वतःच्या टाचेकडे दुसऱ्याच्या वस्तूकडे बघावं तसा बघत म्हणाला, "तर गाडी चालवणं कशाला सोडलं असतं मी?"

वहिनी रडायला लागली. धाकटीनं तिला बाजूला घेतलं. धाकट्यानं थोरल्याला पाठुंगळी उचललं आणि गाडीत घातलं. गाडी अजून तापलेलीच होती, पण त्यानं ती बंद केली नव्हती.

डॉक्टर म्हणाले, साखरेच्या माणसाचा पाय आहे, जपावं लागेल. पाय खाली ठेवायचा नाही, एक दिवसाआड ड्रेसिंग, आणि रंग बदलला तर लगेच यायचं. पुढचं त्यांनी सांगितलं नाही, पण सगळ्यांना समजलं.

हंगाम भरात होता. पंप उतरवून कारागिराकडे पाठवायचा म्हणजे गाडी आठवडाभर उभी राहणार आणि मॅनेजर दुसरी गाडी लावून मोकळा होणार. म्हणून तो सगळा उन्हाळा त्यांनी ओल्या गोणपाटावर काढला. शेडवर गाडी बंद करायची, धाकट्यानं खोकी उतरवायची, तेवढ्यात धाकटीनं झाकण उघडून पंपाला गोणपाट गुंडाळायचं. शेडवाले बघायला गोळा व्हायचे.

"काय हो, ताप आलाय का गाडीला? पट्ट्या ठेवताय!"

"हो ना," धाकटी म्हणायची. "बरी झाली की तुमच्याकडेच आणते, पथ्याचं करून घाला."

तिची बोटं मात्र पोळून निघाली. संध्याकाळी ती वहिनीच्या दारात जाऊन बसायची. वहिनी आधी थोरल्याच्या टाचेला मलम लावायची आणि उरलेलं तिच्या बोटांना. एकदा धाकटी म्हणाली, "वहिनी, त्या दिवशी ते बोलले, पण मनात माझ्यापण होतं." वहिनीनं तिचं बोट धरून ठेवलं. "माझ्यापण होतं," ती म्हणाली. "मी यांना विचारलं होतं रात्री, खरंच माहीत नव्हतं का म्हणून." मग तिनं डबीचं झाकण लावलं.

पावसाच्या तोंडावर हॅचरीचं काम मंदावलं. मिस्त्रीनं पंप उतरवला. एकदा तो स्वतः उन्हातून वीटभट्टीपर्यंत येऊन तापलेली गाडी बघून गेला होता, आणि "मला काय स्वप्न पडतं का?" एवढंच म्हणाला होता. पंपाचा आतला भाग नवा बसला. गाडी परत आली त्या दिवशी पाऊस मात्र दडी मारून बसला होता, ऊन चैत्रासारखं रणरणत होतं. थोरल्याच्या ड्रेसिंगचा दिवस होता.

टाच अजून पुरती भरली नव्हती. पण कडेनं गुलाबी कातडी आली होती आणि डॉक्टर आता पायाकडे बघून तोंड लांब करत नव्हते.

धाकट्यानं गाडी मुद्दाम लांबच्या रस्त्यानं नेली. इंजिन तापून झाकणातून वाफा यायला लागल्या. दवाखान्यासमोर सपाट, उघड्या जागेवर त्यानं ती उभी केली आणि बंद केली. दोघेही उतरेनात.

"मार," थोरला म्हणाला.

धाकट्यानं किल्ली फिरवली. इंजिन चटकन सुरू झालं.

"बंद कर. परत मार."

परत सुरू झालं. तिसऱ्यांदाही झालं. दवाखान्याच्या खिडकीतून कंपाउंडर ओरडला, "अहो, खेळ लावलाय का? धूर येतोय आत!"

धाकट्यानं किल्ली काढून खिशात टाकली. ती शांतता त्याला अजून नवीन होती. काहीतरी बोलावं म्हणून त्यानं तोंड उघडलं. "दादा, मी त्या दिवशी—"

"पाय बघ माझा," थोरला म्हणाला. "कुठाय? झाकणाला टेकलाय का?"

धाकटा वाकला. पाय उशीवर होता, जिथं वहिनीनं ठेवला होता तिथंच. तरी त्यानं टाचेखाली तळवा घालून बघितला, आणि मग उतरून, गाडीला वळसा घालून, दोन्ही हातांनी तो पाय उचलला आणि सांभाळून बाहेर काढला.

"लागत नाही ना?" त्यानं विचारलं.

"मला काय विचारतोस," थोरला त्याच्या खांद्यावर हात टाकत म्हणाला. "तूच बघ आणि सांग."